सांतो दोमिंगोत तीन दिवस: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सगळं नीट सांगते

डॉमिनिकन रिपब्लिक म्हटलं की आपली मंडळी थेट पुंता कानाच्या रिसॉर्टवर जातात, मनगटाला पट्टा बांधून चार दिवस खाणंपिणं-पोहणं करतात आणि तसेच विमानात बसतात, राजधानी सांतो दोमिंगो तिथून गाडीने दोन-अडीच तासांवर असते पण तिकडे कुणी फिरकत नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं. युरोपियन लोकांनी अमेरिका खंडात वसवलेलं आणि तेव्हापासून सलग नांदतं असलेलं सगळ्यात जुनं शहर हेच. कोलंबसाचा भाऊ बार्तोलोमे याने १४९६-९८ च्या दरम्यान ओसामा नदीच्या पूर्व काठावर ते वसवलं, मग वादळाने उद्ध्वस्त झालं म्हणून १५०२ मध्ये गव्हर्नर निकोलास दे ओवांदोने पश्चिम काठावर हलवलं आणि आज आपण जे जुनं शहर बघतो ते हे. वास्को द गामा कालिकतला उतरला तेही १४९८, आणि आल्बुकर्कने गोवा घेतलं १५१० मध्ये, म्हणजे जुन्या गोव्याची आणि या शहराची गोष्ट अगदी एकाच काळातली आहे, फक्त इकडे पोर्तुगीज आणि तिकडे स्पॅनिश.

मी दोनदा जाऊन आले, एकदा नवऱ्याबरोबर आणि एकदा वर्ध्याहून आलेल्या आईला घेऊन. माझं म्हणणं एवढंच की तीन रात्री द्या आणि घाई करू नका, जुना भाग जेमतेम एक चौरस किलोमीटरचा आहे, तो धावत बघितला तर दोन तासांत संपतो आणि काहीच हाती लागत नाही.

आधी तारखा ठरवा, आणि सोमवारचं लक्षात ठेवा

डिसेंबर ते मार्च हवा सगळ्यात छान, जून ते नोव्हेंबर वादळांचा मोसम. फेब्रुवारीत कार्निव्हल असतं आणि २७ फेब्रुवारीला त्यांचा स्वातंत्र्यदिन, तेव्हा शहर रंगात असतं पण हॉटेलं महाग होतात.

आता महत्त्वाचं. बहुतेक म्युझियम सोमवारी बंद असतात. पहिल्या वेळी आम्ही लाँग वीकेंड पकडून शनिवारी रात्री पोचलो, रविवार भटकण्यात घालवला आणि सोमवार सगळ्या मोठ्या वास्तूंसाठी ठेवला, मंगळवारी पहाटेचं विमान. सोमवारी सकाळी आल्कासार या जुन्या राजवाड्याच्या दारासमोर जाऊन उभे राहिलो तर कुलूप. दारातून परत फिरण्याचं ते दुःख अजून आठवतं, म्हणून सांगते की शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पोचा, शनिवार-रविवार म्युझियमांना द्या आणि सोमवार मोकळ्यावरच्या गोष्टींना.

कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर अमेरिका, कॅनडा, युके किंवा शेंगेनचा चालू व्हिसा असेल किंवा ग्रीन कार्ड असेल तर पर्यटनासाठी वेगळा व्हिसा काढावा लागत नाही, तरी तिकीट काढायच्या आधी त्यांच्या वकिलातीच्या साइटवर ताजा नियम वाचूनच घ्या, असे नियम बदलत असतात. याशिवाय इ-तिकीट नावाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो, येताना आणि जाताना दोन्हीचा, त्याचा क्यूआर कोड फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. हा फॉर्म सरकारी साइटवर फुकट आहे, कुणी त्याचे पैसे मागत असेल तर ती साइट लगेच बंद करा.

अमेरिकेत एचवनवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, असणाऱ्यांनी परतीचा विचार आधी करा. पासपोर्टमधला व्हिसाचा स्टॅम्प संपलेला असेल तर नुसत्या अप्रूव्हल नोटिशीवर परत घेतील असं धरून चालू नका, वकिलाला विचारल्याशिवाय तिकीट काढू नका. आईवडिलांना नेणार असाल तर त्यांचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आणि परतीच्या तारखेला चालू आहे ना ते बघा.

न्यूयॉर्कहून थेट विमान साधारण चार तासांत पोचतं. भारतातून थेट नाही, माद्रिद किंवा न्यूयॉर्क करत यावं लागतं, त्यामुळे भारतातून फक्त या एका शहरासाठी येण्यापेक्षा अमेरिकेच्या ट्रिपला जोडा.

उतरल्यावर

लास आमेरिकास विमानतळ शहरापासून पंचवीस-तीस किलोमीटरवर, पूर्वेला. उबर चालते. टॅक्सी घेतली तर बसायच्या आधी रक्कम ठरवा आणि पेसो की डॉलर तेही स्पष्ट विचारा, आमच्या टॅक्सीवाल्याने पोचल्यावर आकडा तोच ठेवून चलन बदललं आणि आईला घेऊन रात्री वाद घालत बसण्यापेक्षा आम्ही देऊन टाकले. डॉलरला साधारण साठच्या आसपास पेसो मिळतात, थोडे रोख जवळ हवेतच. हॉटेलात खाल्लं की बिलावर १८ टक्के कर आणि १० टक्के सर्व्हिस लागते, म्हणजे मेनूतल्या किमतीत सव्वापटीहून जास्त धरून चला. प्लग अमेरिकन, वीज ११० व्होल्टची. नळाचं पाणी पिऊ नका, बाटलीचंच.

राहायचं मात्र जुन्या भागातच, त्याला सोना कोलोनिआल म्हणतात. नव्या शहरात हॉटेलं मोठी आणि चकचकीत आहेत पण मग रोज ट्रॅफिकमधून या, आणि तिथला ट्रॅफिक पुण्याच्या संध्याकाळसारखा आहे. मेट्रो आहे, २००९ मध्ये सुरू झाली, स्वच्छ आणि स्वस्त, पण जुन्या भागाच्या आत येत नाही. जुन्या वाड्यांची छोटी हॉटेलं केलीयत, मधे चौक, चौकात झाडं, भोवती ओसरी, अगदी आपल्या वाड्यासारखी रचना. खोली रस्त्याकडची घेऊ नका, रात्री उशिरापर्यंत गाणी चालतात.

पहिला दिवस: नदीच्या बाजूने सुरुवात

सकाळी सात-साडेसातला बाहेर पडा, ऊन चढायच्या आत. काये लास दामास म्हणजे बायांचा रस्ता, कोलंबसाचा मुलगा दिएगो गव्हर्नर होऊन आला तेव्हा त्याची बायको मारिया दे तोलेदो आणि तिच्याबरोबर आलेल्या स्पॅनिश बाया इथे संध्याकाळी फिरायच्या म्हणून हे नाव. नव्या जगातला हा पहिला फरसबंदी रस्ता, १५०२ चा. सकाळी इथे झाडणाऱ्या बायका आणि मांजरांशिवाय कुणी नसतं, भिंतीचे दगड जवळून बघा, हाताने चाचपडून बघा, त्यात पोवळ्याचे आणि शिंपल्यांचे ठसे दिसतात कारण हा समुद्रातला दगड आहे. या एकाच दगडाने अख्खं शहर बांधलंय आणि त्यामुळेच सकाळच्या उन्हात ते लोण्यासारखं पिवळट दिसतं.

दक्षिणेच्या टोकाला ओसामा किल्ला, १५०२ ते १५०८ मधला. आपल्या किल्ल्यांपुढे लहान आहे हे खरं, रायगड-सिंहगड चढलेल्या माणसाला आधी काही वाटणार नाही, पण मधला बुरूज चढून वर जा, जिना अरुंद आहे, वर गेल्यावर नदी समुद्राला मिळते ती जागा अगदी समोर दिसते आणि शहर इथेच का वसवलं ते कुणी न सांगता कळतं. हाच बुरूज विसाव्या शतकातसुद्धा तुरुंग म्हणून वापरात होता.

मग त्याच रस्त्याने उत्तरेकडे चालत या. वाटेत जुनी जेझुइट चर्च लागेल, आता ते राष्ट्रीय स्मारक आहे, आत पहारेकरी सैनिक पुतळ्यासारखा उभा असतो. त्याच्या पुढे कासास रेआलेस, म्हणजे स्पेनच्या राजाचं कोर्ट आणि कचेरी, आता म्युझियम आहे आणि चांगलं आहे, तासभर द्या. त्याच्या समोर रस्त्यावर १७५३ चं दगडी सूर्यघड्याळ आहे, कचेरीतल्या लोकांना खिडकीतून वेळ दिसावी म्हणून बांधलेलं. बहुतेक लोक फोटो काढून पुढे जातात, तुम्ही जरा थांबून फोनमधली वेळ आणि सावलीची वेळ ताडून बघा, सावली अर्ध्या-पाऊण तासाने मागे असते. घड्याळ बिघडलेलं नाही, आजची प्रमाणवेळ ठरलेल्या रेखावृत्ताची असते आणि हे शहर त्याच्या बरंच पश्चिमेला आहे. दगड अजून तिथल्या सूर्याचीच खरी वेळ दाखवतोय, मला ते फार आवडलं.

रस्ता संपतो तिथे मोठं मोकळं मैदान, प्लासा दे एस्पान्या, आणि त्यात आल्कासार दे कोलोन (कोलोन म्हणजे कोलंबस), दिएगोचा राजवाडा, १५१० च्या सुमाराला बांधायला घेतलेला. पुढे तो ओसाड पडला, पडझड झाली, आणि १९५५ ते ५७ मध्ये पुन्हा उभा केला, म्हणजे आतलं सगळंच मूळचं आहे असं समजू नका, फर्निचर नंतर युरोपातून आणलेलं आहे. पण वरच्या कमानीत उभं राहून नदीकडे बघायला विसरू नका.

दुपारी बारा ते चार खोलीत जा आणि झोपा. खरंच सांगते, या वेळात ऊन डोक्यात जातं.

संध्याकाळी पार्के कोलोन. तिथे १८८७ चा कोलंबसाचा पुतळा आहे, एक हात लांब केलेला. त्याच्या पायाशी बघा, चौथऱ्यावर चढणारी एक बाई आहे, ती आनाकाओना, इथल्या मूळच्या ताइनो लोकांची राणी. ओवांदोने, म्हणजे हे शहर पश्चिम काठावर हलवणाऱ्या त्याच गव्हर्नरने, तिला फाशी दिलं. आणि पुतळ्यात तिला कोलंबसाचं नाव लिहिताना दाखवलंय! आई त्या पुतळ्यासमोर बराच वेळ उभी होती, शेवटी एवढंच म्हणाली, "हिला कुणी विचारलं होतं का गं?" मला वाटतं हे शहर बघायची किल्ली तिथेच आहे. कमानी आणि चर्च सुंदर आहेतच, पण दगड कुणी फोडले आणि कुणाची जमीन होती हे डोक्यात ठेवून बघितलं तरच ते नीट दिसतं.

दुसरा दिवस: कॅथेड्रल आणि तो ओरडणारा माणूस

कॅथेड्रल अमेरिका खंडातलं पहिलं, सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेलं. गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत, ओढणी जवळ ठेवा. कानाला लावायचा ऑडिओ मिळतो तो घ्या. १५८६ मध्ये इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेकने शहर लुटलं तेव्हा त्याचा मुक्काम याच कॅथेड्रलमध्ये होता, आणि २५,००० डुकॅट खंडणी घेऊनच तो गेला. त्याआधी मागितलेली रक्कम मिळावी म्हणून रोज थोडं थोडं शहर जाळत होता.

तिथून दोन गल्ल्या दक्षिणेला दोमिनिकन या ख्रिस्ती साधूंच्या पंथाचा मठ. हा चुकवू नका. २१ डिसेंबर १५११ ला आन्तोनियो दे मोंतेसिनोस नावाच्या साधूने रविवारच्या प्रवचनात, समोर दिएगो कोलोनसकट सगळे बडे अधिकारी बसलेले असताना, थेट विचारलं की या लोकांना तुम्ही कुठल्या अधिकाराने असं गुलामीत राबवता, ती माणसं नाहीत का? सगळे चिडले, माफी माग म्हणाले, आणि पुढच्या रविवारी त्याने तेच अजून कडक शब्दांत सांगितलं. मठ बघून झाला की समुद्राकडे उतरत जा, मालेकोनवर म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्यावर त्याचा प्रचंड दगडी पुतळा आहे, मेक्सिकोने १९८२ मध्ये भेट दिलेला, तोंडाशी हात धरून तो समुद्राच्या दिशेने ओरडतोय. खाली उभं राहून वर बघितलं की लाटांच्या आवाजात खरंच कुणीतरी हाक मारतंय असं वाटतं.

त्याचा परिणाम लगेच काही झाला नाही, हेही खरं. ताइनो रोगराईने आणि राबून संपत गेले, मग आफ्रिकेतून गुलाम आणले. १५२१ च्या नाताळात दिएगो कोलोनच्याच उसाच्या मळ्यावर त्या गुलामांनी बंड केलं, अमेरिका खंडातलं गुलामांचं नोंदलेलं पहिलं बंड.

दुपारी, उन्हाच्या वेळात, काये आर्सोबिस्पो नोउएलवरचं प्रतिकाराचं म्युझियम बघा. हुकूमशहा त्रुहियोने १९३० ते १९६१ देश मुठीत ठेवला, १९३६ मध्ये या शहराचं नावच बदलून सिउदाद त्रुहियो केलं, १९३७ मध्ये सीमेवर हजारो हैतियन लोकांची कत्तल करवली. मिराबाल बहिणी, पात्रिया, मिनेर्वा आणि मारिया तेरेसा, त्याच्या विरोधात उभ्या राहिल्या आणि २५ नोव्हेंबर १९६० ला त्यांना मारून टाकलं. महिलांवरील हिंसाचारविरोधी दिवस जगभर २५ नोव्हेंबरला पाळतात तो याच बहिणींमुळे. बरीच माहिती स्पॅनिशमध्ये आहे, फोनचं भाषांतर अ‍ॅप आधीच डाउनलोड करून ठेवा. लहान मुलं बरोबर असतील तर एकाने मुलं बाहेर सांभाळावी, आतले फोटो त्यांच्यासाठी नाहीत.

रविवार संध्याकाळ मात्र पूर्ण मोकळी ठेवा. उघड्यावर बँड वाजतो आणि लोक नाचतात, मेरेंगे, बाचाता, सोन. वर्षानुवर्षं हा कार्यक्रम सान फ्रान्सिस्कोच्या पडक्या मठासमोर व्हायचा, वसईच्या किल्ल्यातली चर्चं बघितलेल्यांना तो मठ लगेच ओळखीचा वाटेल. जागा बदलते, हॉटेलवर विचारून जा. इस्त्रीचे कपडे घालून आलेले सत्तरीचे आजोबा आजींना घेऊन असे काही नाचतात की आपण नुसतं बघत राहतो.

खाणं, विशेषतः शाकाहारी मंडळींसाठी

उपाशी राहणार नाही, पण विचारायचं कसं ते शिकून जा. नुसतं "सिन कार्ने", मांस नको, म्हणून भागत नाही, चिकन आणि हॅम त्यांच्या लेखी कार्नेत येतीलच असं नाही. "सिन पोयो, सिन हामोन, सिन काल्दो" असं एकेक सांगा, काल्दो म्हणजे मांसाचं पाणी, राजम्यासारख्या उसळीत ते असू शकतं.

सकाळी मांगू खा. कच्ची केळी उकडून, लोणी घालून घोटलेली, वर व्हिनेगरमध्ये परतलेला लाल कांदा. सोबत तळलेलं चीज, अंडी आणि सलामी येते, सलामी नको म्हणून आधीच सांगा. तोस्तोनेस म्हणजे कच्च्या केळीचे चपटे करून दोनदा तळलेले काप. वांग्याची रस्साभाजी मिळते, बेरेन्हेना म्हणून विचारा. जेवण तिखट अजिबात नसतं, एक चटणीची पुडी पर्समध्ये असू द्या.

आता खरी गंमत. मेनूवर "मोरो दे ग्वांदुलेस" दिसलं की डोळे मिटून मागवा. ग्वांदुलेस म्हणजे तूर! ओल्या तुरीचे दाणे घालून केलेला भात. आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "अगं हा तर सोलेभात". आमच्या विदर्भात थंडीत तुरीच्या सोल्यांचा भात करतात तोच, फक्त गोडा मसाला नाही आणि कधी कधी नारळाचं दूध असतं. तूर मूळची आपल्याकडची, आफ्रिकेत गेली आणि तिथून गुलामांच्या जहाजांबरोबर या बेटांवर आली. पातेल्याच्या तळाची खरपुडी त्यांनाही आवडते, तिला कोंकोन म्हणतात, मागितली की आचारी खूश होऊन वाढतात.

आणि उलट बाजूने, आपला "बटाटा" हा शब्द इथल्या ताइनो लोकांचा, स्पॅनिश-पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्यापर्यंत आलेला. पण जपून, इथे बाताता मागितलात तर रताळं येईल, कारण मूळ शब्द रताळ्याचाच आहे. बटाटा हवा तर पापा म्हणा. पपईला लेचोसा म्हणतात, पॅशनफ्रूटला चिनोला, चिनोलाचं सरबत रोज प्या. चिंचेचंही मिळतं.

बोलणं आणि सांभाळणं

दुकानात शिरताना आधी "बुएनास" म्हणायचं, न म्हणता थेट किंमत विचारणं उद्धट वाटतं त्यांना. "उन चिन" म्हणजे थोडंसं, साखर कमी हवी तर "उन चिन दे आसुकार". "आओरिता" म्हणाले तर लगेच नाही, नंतर कधीतरी, तेव्हा ताटकळत उभे राहू नका. ग्वाग्वा म्हणजे बस.

जुन्या भागात संध्याकाळी वर्दळ असते तिथे भीती वाटत नाही, पण रस्त्याच्या कडेला फोन हातात धरून उभे राहू नका, मोटरसायकलवाले हिसकावतात. रात्री उशिरा चालत नको, उबर करा. चर्चच्या दाराशी कुणी गळ्यात कार्ड घालून "मी गाइड" म्हणून चिकटला तर आधी भाव, मग चालणं.

सोमवार

सकाळी एल कोंदे या पायी चालायच्या रस्त्याने पश्चिमेच्या टोकापर्यंत जा, तिथल्या पुएर्ता देल कोंदे वेशीवर २७ फेब्रुवारी १८४४ ला हैतीपासून स्वातंत्र्य जाहीर झालं. चित्रं आणि अंबर, म्हणजे झाडाच्या डिंकाचा दगडासारखा झालेला पिवळा खडा, विकणारे वाटेत भेटतील, स्वस्त अंबर बहुतेक वेळा प्लॅस्टिक असतं, घ्यायचंच असेल तर म्युझियमच्या दुकानातून घ्या. लारिमार नावाचा निळा दगड मात्र जगात फक्त याच देशात सापडतो.

मग सामान घेऊन निघा आणि विमानतळाच्या वाटेवर लोस त्रेस ओहोस करा, चुनखडीच्या गुहा आणि आत निळी-हिरवी तळी, चौथ्या तळ्याकडे दोरीने ओढायच्या तराफ्यावरून नेतात. पायऱ्या खूप आणि ओल्या, आईला मी वरच्या बाकावर बसवलं होतं. ड्रायव्हरला तासभर थांबायचं आधीच ठरवून घ्या आणि सामान गाडीत सोडायचं नसेल तर एकाने गाडीपाशी थांबा, मग आळीपाळीने खाली उतरा. तिथून विमानतळ अर्ध्या तासाच्या आत येतं, पण निघायच्या आधी जाण्याचा क्यूआर कोड उघडतोय ना ते वायफायवर एकदा बघून घ्या.